पाण्यातला पट्टा

मराठी भाषेला गळ्यातल्या पट्ट्याविषयी फारसं प्रेम नाही. "त्याने साहेबाचा पट्टा गळ्यात बांधून घेतलाय" असं कुणाविषयी म्हटलं, की तो माणूस आपल्या लेखी संपला! पण तोच पट्टा गळ्यातून खांद्यावर आला की त्याचा 'पट्टेवाला' होतो आणि मामलेदार कचेरीच्या दारात भल्याभल्यांना थांबवून ठेवतो. कुत्र्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. पट्टा म्हणजे बंधन, आणि पट्टा म्हणजे "मी बेवारशी नाही, मला घर आहे" असं चार लोकांना सांगणारा कागद.

या कागदाची किंमत किती ते अलीकडेच कळलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. दहा-बारा दिवसांतच तो बदलला आणि रेबीज झालेली किंवा अंगावर धावून येणारी सोडून बाकीची कुत्री लस टोचून, नसबंदी करून जिथली तिथे सोडायला सांगितलं. आदेश दिल्लीचा, पण आमच्या गोव्यातल्या वाड्यावर त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या सुण्याच्या गळ्यात काही ना काही दिसू लागलं. (कोकणीत कुत्रा म्हणजे 'सुणो'.) कुणी जुनी नाडी, कुणी साडीचा काठ, एकाने तर चक्क टाय बांधला होता. आमच्या पोदेराने सायकलवरून जाता जाता शेरा मारला, "आज सगळे सुणे ऑफिसाक चल्ल्यात!"

पट्ट्याचं मूळ काम मात्र ओळख सांगणं हे नव्हे, मान वाचवणं हे आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट्या पहिल्यांदा मान धरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, माणसांनीच शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याच्या बातम्या आल्या. त्या पाहून हसू येईना आणि रडूही येईना. जमिनीवर मान वाचवणारी ही वस्तू पाण्यात गेली की नेमकं उलटं वागते. ती मान अडकवते. आज लिहायचं आहे ते त्याविषयी.

आमचं घर मांडवीच्या काठी, खाजणाच्या बांधाला लागून. ज्यांनी खाजण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालून राखलेली ही खाडीकाठची जमीन. बांधात मधूनमधून लाकडी दारं असतात, त्यांना 'मानस' म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. ओहोटीच्या वेळी मानशीतून पाणी असं काही सुटतं, की तिथे जाळं लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. आमचा ताम्या (देशी, तांबूस, वय वर्षे सहा) आणि शेजाऱ्यांचा मोती हे दोघे या पाण्यातच वाढले. सकाळी बांधावरून उडी, पलीकडे, परत अलीकडे, मग अंग झाडून वाड्यावर चिखलाचा सडा.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मोती एका सकाळी घरी आला नाही. दुपारी सापडला. मानशीच्या खांबाला बाहेर आलेला एक जुना खिळा, आणि त्यात अडकलेला गळ्यातला पट्टा. चांगला जाड, चामड्याचा, शेजारच्या काकांनी म्हापशाच्या बाजारातून मुद्दाम आणलेला. तुटणार नाही असा! भरती चढत गेली आणि पट्टा तुटला नाही. उत्तम पोहणारा कुत्रा, गुडघाभर पाण्यापासून सुरुवात झालेली, आणि शेवटी त्याला त्याच्या पोहण्याचा काही उपयोग झाला नाही. काका कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र आमच्या अंगणात येऊन ताम्याच्या गळ्यातला पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि मला म्हणाले, "हो काडून दवर."

काढून ठेवला. पण मग प्रश्न उभा राहिला. पट्ट्याशिवाय कुत्रा वाड्याबाहेर गेला की तो कुणाचा? ताम्याला रोज पाणी हवं आणि रोज रस्ताही ओलांडायचा. पट्टा घालावा तर मानशीची भीती, काढावा तर गाडीची. या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते गोव्यात नाही, सुरतेला, कतारगामात.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला शिवाजी महाराज आणि १६६४ आठवतं. पण सुरतेत आज लाखांनी मराठी माणसं राहतात, आणि त्यांतली कितीतरी खानदेशातून आलेली. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून भुसावळवरून, खानदेशातून सुरतेला येते. "नदीच आली, तर आम्ही का नको?" असं माझे भावोजी म्हणतात. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, त्यांना दिलेली. भावोजी मूळचे अमळनेरकडचे, घरी अहिराणी, कारखान्यात गुजराती आणि माझ्याशी, सासुरवाडीचा मान राखून, पुस्तकी मराठी.

कतारगाम हे नाव सुरती लोकांच्या जिभेवर आधी येतं ते पापडीमुळे. उंधियूत घालायची कोवळी, रसरशीत 'कतारगामनी पापडी'! हिवाळ्यात तिच्याशिवाय उंधियू म्हणजे सुक्या मासळीशिवाय पावसाळा. पण पापडीची वावरं गेली, तिथे हिऱ्यांचे कारखाने आले, माग आले, भरतकामाची यंत्रं आली. आता गल्लीच्या एका बाजूला घंटीवर हिऱ्याला पैलू पडत असतात आणि दुसऱ्या बाजूला माग खडखडत असतात. भावोजींची नोकरी अशाच एका कारखान्यात. तिथे साडी होत नाही, ड्रेसही होत नाही. तिथे पट्टी होते. पिशव्यांचे बंद, दप्तराचे पट्टे, सामान बांधायच्या पट्ट्या. आपल्याकडे खाटेला विणतात ती नवार आठवा. तीच, फक्त सुताऐवजी नायलॉनची, पॉलिएस्टरची, प्रॉपलीनची. भावोजी तिला अजूनही नवारच म्हणतात.

मी मोतीची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी जेवण होईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग कपाटातून नवारीची चार-पाच भेंडोळी काढली, पाण्याची बादली मागवली आणि बाल्कनीत माझी शाळा घेतली.

"शालकबुवा, धाग्याला तहान असते," ते म्हणाले. "ज्याला तहान कमी, तो पाण्यात घालायचा."

कापडाच्या धंद्यात हे सगळ्यांना पाठ असतं. साध्या हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅमच्या आसपास ओल धरून बसतो. नायलॉन चार ग्रॅम. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आणि प्रॉपलीन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जवळजवळ शून्य. शिवाय ते पाण्याहून हलकं, त्यामुळे तरंगतं. (रापणकारांच्या दोऱ्या पाण्यावर का दिसतात ते मला त्या बाल्कनीत कळलं.) पण प्रॉपलीनला ऊन सोसत नाही, उन्हात पडून राहिलं की धागा ठिसूळ होतो, हाताला कुसळं लागतात. नायलॉन मजबूत खरा, पण भिजला की थोडा फुगतो, सैल पडतो, थोडी ताकदही घालवतो आणि वाळायला वेळ घेतो. पोहणाऱ्या कुत्र्यासाठी पॉलिएस्टरची नवार बरी. त्याहून बरी म्हणजे पॉलिएस्टरच्या नवारीवर प्लॅस्टिकचा थर चढवलेली. ती वरून रबरासारखी लागते, पाणी आत शिरतच नाही, फडक्याने पुसली की कोरडी, वास धरत नाही. बाजारात ती महाग मिळते, पण टिकते.

आणि चामडं? भावोजींनी नुसती मान हलवली. चामडं पाणी पितं, फुगतं, वाळताना आकसतं आणि कडक होतं, मग त्याला बुरशी येते. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कुत्र्याच्या गळ्यातल्या ओल्या चामड्याचं काय होणार! स्वस्त चामड्याचा रंगही सुटतो आणि मानेचे केस तांबडे-काळे होतात. चामड्याचा पट्टा कोरड्या दिवसाचा, लग्नाकार्याचा. साखळीचा फास तर पाण्याच्या जवळपासही नेऊ नये. तो जड असतो, आणि अडकला की आवळतच जातो.

नवारीपेक्षा कड्या-बक्कल महत्त्वाचं, हे मला नवीन होतं. मुलामा दिलेलं लोखंड गोड्या पाण्यात एखादं वर्ष काढेल. खाऱ्या पाण्यात मुलामा उडतो आणि आतून गंज येतो. पितळ हिरवट पडतं पण लवकर दगा देत नाही. समुद्रासाठी सगळ्यांत चांगलं म्हणजे ३१६ नंबरचं स्टेनलेस. आपल्या भांड्यांचं स्टील साधारण ३०४ चं असतं; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम जास्तीचं असल्याने ते मिठाला अधिक दाद देत नाही. बोटींवर तेच वापरतात.

"आता हे बघा," असं म्हणत भावोजींनी दोन पट्टे पुढे ठेवले. एक कमरपट्ट्यासारखा, भोकात काटा घालायचा. दुसरा दप्तराला असतो तसा, दोन्ही बाजूंनी दाबला की टचकन उघडणारा प्लॅस्टिकचा चाप. पहिल्याचं टोक त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवलं, पट्टा ताणून धरला आणि मला म्हणाले, "उघडा."

उघडेना. तुम्ही स्वतः करून पाहा. काट्याचं बक्कल उघडायचं तर पट्टा आधी आणखी आवळावा लागतो, तेव्हा कुठे काटा भोकातून सुटतो. कुत्रा अडकलेला, धडपडतोय, पट्टा ताणलेला. त्या वेळी आणखी आवळणार कसं? चाप मात्र ताणलेला असतानाही एका हाताने उघडला. दुसऱ्या हाताने मी गज धरला होता, आणि पुरात माणसाचा दुसरा हात कशाला तरी धरूनच असतो.

हे भावोजींना कारखान्यात कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते २००६ मध्ये.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीच्या वरच्या अंगाला प्रचंड पाऊस झाला आणि उकाई धरणातून सोडलेलं पाणी ७ ऑगस्टपासून सुरतेत शिरलं. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. लोक गच्च्यांवर दिवसचे दिवस बसून होते, वीज नाही, प्यायला पाणी नाही. कतारगाम नदीच्याच काठचं. सिंगणपोरचा तो बंधारा-कम-रस्ता, ज्याला सगळे 'कॉजवे' म्हणतात आणि जो १९९५ पासून गोडं पाणी वर अडवून खाडीचं खारं पाणी खाली ठेवतो, तो इथून जवळ. कॉजवे वाहतुकीला बंद झाला की इथले लोक तळमजल्यावरचं सामान आवरायला घेतात. त्या वर्षी आवरायला वेळच मिळाला नाही.

ताई-भावोजी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहत. सोसायटीच्या वॉचमनचा कुत्रा कालू जिन्याखाली बांधलेला. वॉचमन रात्री गावाकडच्या नातेवाइकांना बघायला गेलेला, तो पलीकडेच अडकला. पहाटे पाणी जिन्यात आलं तेव्हा कालूच्या भुंकण्याने सगळे जागे झाले. मग भुंकणं थांबलं, कारण तोंड वर धरून पोहण्यातच त्याची सगळी शक्ती जात होती. साखळी चार फुटांची. पाणी त्याहून वर येणार हे उघड होतं.

भावोजी छातीभर पाण्यात उतरले. साखळीचा आकडा पाण्याखाली, अंधारात, सापडेना. पट्ट्याचं बक्कल सापडलं, पण कालू ओढत होता आणि काटा निघेना. कुत्रा त्यांनाच चावला, दोनदा. घाबरलेलं जनावर हात मदतीचा की मारायचा हे ओळखत नाही. शेवटी खिशात कारखान्यातली दोरा कापायची छोटी कातर होती, तिने त्यांनी नवार कापली. इंचभर नवार! "रोज शेकडो मीटर कापतो," भावोजी म्हणाले, "पण ती इंचभर संपतच नव्हती." कालू पोहत जिन्यावर आला आणि पुढचे चार दिवस गच्चीवर सगळ्यांबरोबर बिस्किटांवर राहिला. पूर ओसरल्यावर भावोजींना पोटभर इंजेक्शनं घ्यावी लागली. वॉचमन परत आला तेव्हा त्याने पट्टा नसलेला कुत्रा पाहिला, आणि तो पट्टा कुठे गेला हे विचारलंसुद्धा नाही. नुसता भावोजींच्या हाताच्या पट्टीकडे बघत उभा राहिला.

ताई हे ऐकताना उठून आत गेली. इतक्या वर्षांनीही तिला ते भुंकणं थांबलेलं ऐकू येतं म्हणे.

तेव्हापासून भावोजींचा एक ठाम नियम आहे, आणि मोतीनंतर तो मलाही पटला: पाण्यात जाणाऱ्या कुत्र्याचा पट्टा तुटणारा हवा. मजबूत नव्हे. मांजरांच्या गळ्यात घालतात तसे ओढ बसली की आपोआप सुटणारे चाप कुत्र्यांसाठीही मिळतात. चापाच्या दोन्ही अंगांना एकेक कडी असते. फिरायला नेताना दोरीचा आकडा दोन्ही कड्यांतून घालायचा, म्हणजे ओढ चापावर येत नाही आणि तो सुटत नाही. मोकळं सोडताना आकडा काढला की चाप पुन्हा सुटायला तयार. इतकी साधी युक्ती.

त्याहूनही साधी गोष्ट म्हणजे, ओळखीच्या, नजरेच्या टप्प्यातल्या पाण्यात पट्टा काढूनच सोडावं. जिथे झाडांची मुळं, जुने खांब, जाळी किंवा जलपर्णी असेल तिथे तर नक्कीच. कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीत जलपर्णी अशी माजते की नदी आहे की वावर ते कळू नये! प्रवाहाच्या पाण्यात दोरी लावायचीच असेल तर ती गळ्याला नव्हे, छातीभोवतीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावावी. गळ्याला ओढ बसली की तोंड पाण्याखाली जातं. पाठीवर बसली की वर राहतं. पाठीवर मूठ असलेलं तरंगणारं जाकीट असेल तर उत्तमच, त्या मुठीला धरून कुत्रा होडीत उचलून घेता येतो. दोरीच्या टोकाला हात घालायचा फास नसावा. तोही अडकतो, आणि मग कुत्रा आणि माणूस दोघेही.

माप घेताना दोन बोटं आत जातील इतकं सैल, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते माप भिजल्यावर पुन्हा बघावं. झुपकेदार केसांचा कुत्रा भिजला की मान निम्मी होते आणि पट्टा डोक्यावरून निघून येतो. उलट कापसाचा पट्टा आकसलेला असू शकतो.

पोर्तुगीजांचा एक कुत्रा आहे, 'कांव द आग्वा', म्हणजे पाण्याचा कुत्रा. (आमच्या आग्वाद किल्ल्याच्या नावात आहे तेच हे पाणी, जहाजं तिथल्या झऱ्यावर पाणी भरत.) पोर्तुगालच्या दक्षिणेला, आल्गार्व्हच्या किनाऱ्यावर, हे कुत्रे कोळ्यांबरोबर होडीत असत. सुटलेलं जाळं ओढून आणणं, एका होडीतून दुसरीत निरोप नेणं ही त्यांची कामं. यंत्रांच्या बोटी आल्या आणि १९३० च्या दशकात ही जात संपत आली होती. व्हास्को बेंसाऊद नावाच्या धनिकाने ती पाळून वाचवली. २००९ मध्ये ओबामांच्या घरी 'बो' गेला तो याच जातीचा. या कुत्र्यांच्या मागच्या अंगाचे केस कोळी पूर्वापार कापत आले, पोहताना जड होऊ नयेत म्हणून. पाण्यात जाणाऱ्या जनावराच्या अंगावर जितकं कमी तितकं चांगलं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता गोचिडांच्या पट्ट्याविषयी. पावसाळ्यात आमच्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि औषधी पट्टे सर्रास वापरले जातात. त्यांतल्या काहींत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते कुत्र्याला सोसतं, पण मासळीला आणि कोळंबीला ते जहाल विष आहे. म्हणूनच पाण्यात जाण्याआधी तो काढून ठेवावा अशी सूचना त्याबरोबर असते. ती बारीक अक्षरात असते आणि इंग्रजीत असते, त्यामुळे कोण वाचतो! खाजणाच्या मानशीत, जिथे कोळंबीवर कुणाचं तरी घर चालतं, तिथे असा पट्टा घातलेला कुत्रा रोज पोहू देणं बरोबर नाही. दुसऱ्या प्रकारच्या औषधी पट्ट्यांचाही परिणाम वारंवार पोहण्याने लवकर उतरतो. रोज पोहणाऱ्यासाठी पोटात द्यायच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारावं.

पाणी कुठलं आहे हेही पाहावं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत तळोज्याला कुत्रे निळे झाले होते, आठवतं? कासाडी नदीच्या परिसरात कारखान्याचा रंग अंगाला लागला आणि पांढरी कुत्री निळी होऊन हिंडू लागली. लोकांनी फोटो काढले, हसले, मग प्रदूषण मंडळाने कारवाई केली. रंगाचं पाणी निदान दिसतं तरी. गुरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टो दिसत नाही. दक्षिण गुजरातेत, कोकणात, गोव्यात तो दर पावसाळ्यात माणसांनाही धरतो. तो शिरतो जखमेतून, आणि सतत ओल्या पट्ट्याने मानेला जी जखम होते ती केसांखाली असते, आपल्याला दिसत नाही. म्हणून पोहणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी, न चुकता.

राहता राहिली निगा. ती अगदी आजीच्या पद्धतीची आहे. दोन पट्टे ठेवावेत, एक ओला एक सुका, सोवळ्या-ओवळ्यासारखे. पाण्यातून आल्यावर आधी पट्टा काढायचा, मग अंग पुसायचं. मान आणि कान नीट, केस मागे सारून. पट्टा गोड्या पाण्यात खंगाळायचा, कारण मीठ वाळलं की त्याचे कण नवारीत काचेसारखे घासत राहतात. आठवड्यातून एकदा साध्या साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासायचा. चापाच्या फटीतली रेती काढायची, नाहीतर ऐन वेळी तो मिटत नाही किंवा उघडत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. शिवण नखाने ओढून बघायची. दोरा सुटलेला दिसला की मोच्याकडे किंवा पट्टा बाद. रात्री मान मोकळी असू द्यावी. तिलाही वारा लागतो.

आणि पट्टा काढला की ओळख कुठे राहते? तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली बसवता येते, पण ती वाचायचं यंत्र पोदेराकडे नसतं. म्हणून ताम्याच्या सुटणाऱ्या पट्ट्यावर फोन नंबर विणलेलाच आहे. भावोजींनी मागावर अक्षरं काढून दिली. लोंबणारी पट्टी नाही, म्हणजे तेवढं अडकणारं एक टोक कमी. ताम्याचा पट्टा गेल्या दोन वर्षांत तीनदा खाजणात हरवला. तीनदा तो चापाने सुटला, म्हणजे निदान तीनदा तो कशात तरी अडकला होता! ताम्या तिन्ही वेळा उघड्या मानेने घरी आला. काकांना मी पहिल्या खेपेला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन मानशीवर गेले आणि बाहेर आलेले सगळे खिळे ठोकून आले. आता दरवर्षी मे महिन्यात जातात.

भावोजी उरलेल्या नवारीचे पट्टे करून कतारगामातल्या गल्लीतल्या कुत्र्यांना घालतात. सगळे सुटणारे. ताईच्या सोसायटीत मात्र एक गोष्ट पट्ट्याच्याही आधी ठरलेली आहे, आणि ती जिन्याखालच्या फळ्यावर गुजरातीत लिहिली आहे. कॉजवे बंद झाल्याची बातमी आली की तळमजल्यावरची बांधलेली जनावरं पहिल्यांदा सोडायची. गॅसचं सिलिंडर, टीव्ही आणि गाड्या त्यानंतर.